एक काडी रेंज आणि केनियातली 'उशाहिदी'
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी दापोलीजवळ गावीच होते. पोफळी मधोमध मोडलेल्या, घराचे पत्रे वाडीत, वीज नाही, रेंज नाही, मुंबईत दादाला आम्ही सुखरूप आहोत एवढं कळवायला चौथ्या दिवशी सड्यावर चढले, एक काडी रेंज, फोन लागेना, पण मेसेज गेला एकदाचा. अजून आठवलं की घसा दाटतो.

म्हणून केनियातल्या 'उशाहिदी' नावाच्या वेबसाइटबद्दल वाचलं ते डोक्यातून जातच नाहीये. स्वाहिलीत याचा अर्थ साक्ष. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे हिंसाचार उसळला, त्यात सरकारने थेट प्रक्षेपण बंद केलं, मग ओरी ओकोलो नावाच्या वकील बाईने काही प्रोग्रामर लोकांना सोबत घेऊन थोड्याच दिवसांत ही वेबसाइट उभी केली. साध्या फोनवरून एसएमएस करायचा, कुठे काय घडलंय ते, की ते नकाशावर दिसणार. २०१० च्या हैतीच्या भूकंपातही हेच कामाला आलं!

खरंच सांगते, एसएमएसची ताकद मला सड्यावर कळली होती. यंदा पावसाआधी वाडीतल्या पोरांना घेऊन बसणार आहे, कुठल्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे, साकव कुठे वाहून जातो, सगळं नकाशावर टाकायचंय.