उसना हात

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यांपुढे उभा राहिला तो शुद्धलेखनाचा तास. बाई आधी वाक्य सलग म्हणत, मग तीन-चार शब्दांचे तुकडे करून, आणि शेवटी पुन्हा सलग. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने सांगत. आपल्या मनाने घातलेला चांगला शब्दही चूकच धरला जाई, कारण जे ऐकलं तेवढंच वहीत यायला हवं. त्या तासाचा खरा उपयोग कुठे होतो, हे मला फार उशिरा समजलं. अंध परीक्षार्थीच्या शेजारी लेखनिक म्हणून बसताना नेमकं हेच लागतं: नीट वाचणं, नीट ऐकणं आणि ऐकलं तेवढंच लिहिणं. या कामाबद्दल आता जे नीट माहीत आहे, ते इथे लिहितो. शाळेने दिलेलं कुठेतरी परत करावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या ते उपयोगी पडेल.

मुलं आपसात लेखनिक म्हणत नाहीत, रायटर म्हणतात. ब्रेल येत असताना रायटर कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. लुई ब्रेलने १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, शाळेत शिकत असतानाच ही सहा टिंबांची लिपी बसवली. ती बोटांनी वाचायला आणि पाटी-टोचणीने लिहायला उत्तम आहे, पण सर्वसाधारण पेपर तपासणाऱ्याला ती वाचता येत नाही. शिवाय मोठेपणी दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल शिकण्याची संधी मिळालेली नसते. दोन्ही हात निकामी असलेल्या किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) असलेल्या विद्यार्थ्यांनाही रायटर लागतो. म्हणजे उत्तर पूर्ण तयार असतं, अडतं ते फक्त कागदावर उतरण्यापाशी.

डोळे आणि हात आपले, डोकं त्याचं. अवघड जातं ते हेच, कारण मदतीला आलेल्या माणसाचा हात आखडत नाही. परीक्षार्थी चुकीचं साल सांगतो, आपल्याला बरोबर माहीत असतं, आणि वाटतं की एवढ्याने काय होतं. होतं असं, की तो पेपर त्याचा राहत नाही. पकडलं गेलं तर गैरप्रकार म्हणून त्याचंच वर्ष जातं. पकडलं गेलं नाही तरी पुढच्या वर्गात त्याच्या गुणांना कुणी खरं मानत नाही, आणि ही शंका बाकीच्या सगळ्या अंध विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते. उत्तर बोलून दाखवायचीही गरज नसते. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर पर्याय वाचताना आवाज नकळत वर जातो, चुकीचं उत्तर ऐकून पेन अर्धा क्षण थांबतं, नाहीतर "नक्की?" असा शब्द निसटतो. ज्याचं सगळं लक्ष कानांत एकवटलेलं आहे, त्याला हे लगेच कळतं. म्हणून चारही पर्याय एकाच सुरात, एकाच गतीने वाचायचे. परीक्षार्थीने मागितले तर चारही पुन्हा वाचायचे, त्यातला एकटा नाही.

नियमांबद्दल आधी थोडं. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ दिलेला होता, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. परीक्षार्थीने स्वतःचा रायटर आणला तर त्याची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने रायटर दिला तर दोघांची भेट परीक्षेच्या दोन दिवस आधी व्हावी, असंही त्यात होतं. पण नियम बदलत असतात आणि प्रत्येक मंडळाची, विद्यापीठाची, भरती परीक्षेची पद्धत वेगळी असते. त्यामुळे त्या त्या परीक्षेचं चालू परिपत्रक हातात घेऊन वाचावं. पात्रतेची अट अनेकांच्या ध्यानातच येत नाही. पदवीधर माणूस उत्साहाने दहावीच्या केंद्रावर जातो आणि दारातूनच परत पाठवला जातो. आत बसलेल्या मुलाकडे तेव्हा दुसरा कुणी नसतो. म्हणूनच दहावीच्या पेपरला बहुधा नववीची मुलं लागतात, आणि शाळेइतकं हे काम दुसरं कुणी करू शकत नाही.

परीक्षेआधी किमान दोन बैठका व्हायला हव्यात. पहिल्या बैठकीत जुना पेपर घेऊन अर्धा तास नुसतं वाचन आणि लेखन करायचं. त्यात खुणा ठरतात. "खोड" म्हणजे फक्त शेवटचा शब्द की पूर्ण वाक्य? "खाली" म्हणजे नवी ओळ की नवा परिच्छेद? अधोरेखन कोण सांगणार? शब्दाचं लेखन तो अक्षर-अक्षर सांगणार की तुम्ही ऐकलं तसं लिहिणार? भाषेच्या पेपरात हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे आणि तो आधीच विचारून ठेवावा. दुसऱ्या बैठकीत घड्याळ लावून एक पूर्ण मोठं उत्तर लिहायचं. इथे कळतं की बोलण्याचा वेग लिहिण्याच्या वेगाच्या कितीतरी पुढे धावतो. तो वाक्य सांगून थांबेल, तुम्ही शेवटचे दोन शब्द मोठ्याने म्हणाल, आणि मगच तो पुढे जाईल, अशी लय बसवावी लागते. लय बसलेली नसेल तर पहिल्या तासात वाक्यं गळतात आणि शेवटच्या तासात हात दुखून अक्षर बिघडतं. चार तास लिहायची सवय आता कुणालाच नाही, तेव्हा आठवडाभर आधी रोज तासभर लिहून हात तयार करावा.

प्रत्यक्ष पेपरात आधी संपूर्ण प्रश्नपत्रिका सूचनांसकट एकदा वाचून दाखवायची. किती प्रश्न, किती गुण, कुठे "किंवा" आहे, हे कळलं की तो क्रम ठरवतो. बाकीचे परीक्षार्थी पान उलटून हे दोन मिनिटांत पाहतात, त्याला मात्र ते कानांनी डोक्यात मांडावं लागतं. त्यामुळे इथे घाई करू नये. तक्ता आला तर सरळ आकडे वाचायला लागू नये. आधी किती उभे रकाने आणि किती आडव्या ओळी ते सांगायचं, मग रकान्यांची शीर्षकं, आणि मग एकेक ओळ, प्रत्येक आकड्याआधी त्याचं शीर्षक घेऊन.

गणितात सगळ्यात जास्त गडबड होते. समजा छापलंय असं: वर क्ष + ३, मध्ये आडवी रेघ, खाली क्ष − २. आपण सहज वाचतो, "क्ष अधिक तीन भागिले क्ष वजा दोन". रेघ आपल्याला दिसते, म्हणून आपल्या मनात अर्थ एकच असतो. ज्याला रेघ दिसत नाही, त्याला यातून चार वेगळ्या राशी ऐकू येतात: रेघेच्या वर फक्त तीन असेल किंवा क्ष + ३, आणि खाली फक्त क्ष असेल किंवा क्ष − २. त्याने चुकीची राशी धरून अगदी बिनचूक गणित केलं तरी गुण शून्य, आणि चूक कुणाची हे उत्तरपत्रिकेवर कुठेच लिहिलेलं नसतं. वाचायचं असं: "अपूर्णांक सुरू. अंशात क्ष अधिक तीन. छेदात क्ष वजा दोन. अपूर्णांक संपला." कंस, घात, वर्गमूळ यांनाही असंच सुरू आणि संपला म्हणायचं. वर्गमूळ कुठपर्यंत पसरलंय ते न सांगता वाचणं म्हणजे अर्धाच प्रश्न देणं. हे वाचन सरावाशिवाय जमत नाही, गणिताच्या शिक्षकालाही नाही.

उत्तरपत्रिका गोल रंगवण्याची असेल तर दर दहा प्रश्नांनी थांबून प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाचा क्रमांक ताडून पाहावा. एक प्रश्न सोडून पुढे गेल्यावर गोल मात्र तिथूनच पुढे रंगवले जातात आणि सगळी उत्तरं एका घराने सरकतात. परीक्षार्थीला ते दिसत नाही आणि तुम्हाला लक्षात येईपर्यंत वेळ संपलेली असते. वेळ किती झाली हे दर अर्ध्या तासाने सांगावं, शेवटच्या अर्ध्या तासात दर दहा मिनिटांनी. बैठक क्रमांक लिहून झाला की त्याला वाचून दाखवावा. पुरवण्या जोडल्या की त्यांची संख्या दोघांनी मोजावी.

या कामात सगळ्यात मोठं नुकसान कशाने होत असेल, तर "येतो" म्हणून न आल्याने. दयेपोटी होकार देणारे पुष्कळ असतात. पेपरच्या दिवशी ताप येतो, बस चुकते, घरी पाहुणे येतात. नाटकातलं पात्र आलं नाही तर प्रयोग पुढे ढकलता येतो, परीक्षा ढकलता येत नाही. म्हणून प्रत्येक पेपरासाठी दुसरा माणूस राखीव हवा, त्याची कागदपत्रंही आधीच दिलेली हवीत, आणि होकार देताना आपल्या रोजनिशीत ती तारीख आधीच अडवलेली हवी. नाही म्हणायचं असेल तर पंधरा दिवस आधी म्हणा. वेळेवर दिलेला नकारसुद्धा त्या मुलाच्या उपयोगाचा असतो.

परीक्षेला जाऊन बसणं जमत नसेल, तर घरबसल्या करण्याजोगं दुसरंही काम आहे. अंध विद्यार्थी आज संगणकावर पडदावाचकाने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचतात. एनव्हीडीए नावाचा असा एक फुकट पडदावाचक मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनीच २००६ मध्ये सुरू केला. पण पडदावाचकाला अक्षर लागतं, अक्षराचं चित्र चालत नाही. आपण नोट्सचा फोटो काढून पाठवतो, तो त्याच्यासाठी कोरा कागद असतो. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी तर त्याला निरर्थक चिन्हांची माळ म्हणून ऐकू येते. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टाइप करून देणं, स्कॅन करून ओळखलेल्या मजकुरातले जोडाक्षरांचे घोटाळे मूळ पान शेजारी ठेवून दुरुस्त करणं, हे रोज अर्धा तास दिला तरी पुढे सरकतं.

पुस्तक ध्वनिमुद्रित करायचं असेल तर पंखा बंद, खिडकी बंद, माइक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला, म्हणजे प-फ-भ चे फटके बसत नाहीत. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी. पानाचा क्रमांक बोलावा, कारण वर्गात शिक्षक "पान ४२ काढा" म्हणतात आणि त्यालाही ते काढायचं असतं. नाट्य घालू नये, ऐकणाऱ्याला अभ्यास करायचा आहे. दोनशे पानांच्या पुस्तकाला साधारण नऊ-दहा तासांचं वाचन होतं आणि जवळजवळ तेवढाच वेळ चुका दुरुस्त करण्यात जातो, हे धरूनच पुस्तक हातात घ्यावं. अर्धवट सोडलेलं पुस्तक कुणाच्याच कामाचं नसतं. कायद्याची भीती नको. दृष्टिहीनांसाठी ना-नफा तत्त्वावर अशी प्रत करायला आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे, आणि याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत होता.

पेपर संपल्यावर त्याचा दंड धरून ओढत बाहेर नेऊ नका. आपलं कोपर पुढे करा, तो धरेल. त्याच्या अर्धं पाऊल पुढे चाला, पायऱ्या आल्या की थांबून "वर" की "खाली" ते सांगा. उत्तरांबद्दल तो विचारेल, "कसा गेला वाटतो?" त्यावर मत देऊ नका, उद्याचा पेपर बाकी असतो.

माजी विद्यार्थी संघाने कार्यालयात एक वही ठेवली तर काम लगेच सुरू होईल. प्रत्येकाने त्यात नाव, शिक्षण, कोणत्या भाषेत वेगाने लिहिता येतं, गणित-विज्ञान वाचता येतं का, आणि कोणत्या वारी सकाळ मोकळी असते, एवढं लिहावं. नववीच्या मुलांसाठी वेगळं पान असावं, त्यावर पालकांची सही घ्यावी. आणि जूनमध्येच ही वही भरायला काढावी. फेब्रुवारीत काढली तर सरावाच्या दोन बैठकांना वेळच उरत नाही.