तुम्ही विचारलंत म्हणून: सुऱ्या बनवायच्या तर ऐरण कुठली घ्यावी?

सुऱ्या बनवायचा धंदा सुरू करायचा ठरला की बहुतेक जण पहिला प्रश्न ऐरणीचा विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सुरुवातीला ऐरण घेऊच नका. घण-ऐरणीने पोलादाला आकार येतो, पण तयार पट्टी कापून आणि घासूनही तोच आकार येतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं धारेचे, आणि धार ठरते बेल्ट ग्राइंडरवर (फिरत्या खरखरीत पट्ट्यावर पोलाद घासणारं यंत्र) आणि भट्टीत. भांडवल या दोन ठिकाणी लावा.

ग्राइंडर ५० मिमी रुंद, १८३० मिमी लांब पट्ट्याचाच घ्या (बाजारात याला दोन बाय बहात्तर म्हणतात), कारण सुऱ्यांच्या कामाचे चांगले पट्टे याच मापात सहज मिळतात. मोटर २ एचपी, थ्री फेज, आणि वेग कमी-जास्त करायला व्हीएफडी नावाचा विजेचा कंट्रोलर. घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी मोटरला २३० व्होल्टच थ्री फेज देतो. म्हणून मोटरच्या पाटीवर २३०/४१५ लिहिलेलं बघून घ्या आणि जोडणी डेल्टामध्ये (पाटीवरच्या २३० व्होल्टसाठीची जोडणी) करा. फक्त ४१५ व्होल्टची मोटर फिरेल, पण पातं दाबलं की दम सोडेल. व्हीएफडी बंद डब्यातच हवा. पोलादाची भुकटी वीज वाहून नेते, ती आत गेली की बोर्ड जळतो.

१०० मिमीचं चाक २८०० फेऱ्यांवर असेल तर पट्टा सेकंदाला साधारण १५ मीटर धावतो. कच्चं, म्हणजे अजून कडक न केलेलं पातं घासून उतरवायला हा वेग ठीक. कडक केलेल्या पात्याला आणि मुठीला तो एक तृतीयांशावर आणा. पट्ट्यांवर काटकसर करू नका. बोथट पट्टा पोलाद कापत नाही, नुसता तापवतो, आणि धारेशी निळी झाक आली म्हणजे तिथलं पाणी, म्हणजे भट्टीत आणलेला कडकपणा, उतरलं. ते नुसत्या पॉलिशने परत येत नाही. कडक झालेलं पातं उघड्या हाताने धरा, प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवा. बोटांना चटका बसायच्या आत थांबायचं.

पोलाद म्हणून ईएन-३१ घ्या. हे बेअरिंगचं पोलाद, त्यात कार्बन सुमारे १ टक्का आणि क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास. पट्टी नरम केलेली मागा आणि टेस्ट सर्टिफिकेट घ्या. ट्रकच्या कमानपाट्याचे कोयते छान होतात, पण भंगारातल्या पाट्यात जुनी बारीक चीर असू शकते, ती पाणी देताना (पोलाद तापवून एकदम थंड करून कडक करताना) उघडते. शिवाय दर पाट्याचं पोलाद वेगळं. विकायच्या मालाला हा भरवसा पुरत नाही.

आता भट्टी. पीआयडी कंट्रोलर (तापमान ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारा) आणि के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असलेली विजेची मफल, म्हणजे बंद पेटीसारखी भट्टी, आतली लांबी किमान ४०० मिमी. कोळशाच्या भट्टीत रंगावरून अंदाज घेणारे कसबी लोहार आहेत, पण तो डोळा तयार व्हायला वर्षं लागतात. ईएन-३१ ला ८३० अंशांच्या आसपास नेऊन दहाएक मिनिटं ठेवा, मग ५०-६० अंशांना कोमट केलेल्या क्वेंचिंग ऑइलमध्ये (तापलेलं पोलाद थंड करायचं खास तेल) टोकाकडून सरळ उभं बुडवा. आडवं घातलं तर एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. तेल १५ लिटर तरी हवं, तेही झाकणाच्या लोखंडी डब्यात. झाकण पेट घेतलेलं तेल विझवण्यासाठी, त्यावर पाणी कधीच ओतू नका. गाडीचं जळकं तेल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो आणि थंड करण्याचा वेगही भरवशाचा नसतो.

पाणी देण्याआधी धारेची कड ०.८ ते १ मिमी जाड राहू द्या. याहून पातळ केली तर ती लाटेसारखी वाकते किंवा तडकते. तेलातून काढल्यावर थोडा वेळ पोलाद वळवता येतं. तेवढ्यात दोन जाड अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये दाबून सरळ करा. भोकंही आधीच पाडलेली हवीत, नंतर ड्रिल घसरतो. कानस पात्यावर न चावता घसरली की कडकपणा आला समजा. मग हाताला सोसेल इतकं थंड झाल्याबरोबर टेम्पर करा, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताचं तापवा: २०० अंश, दोन तास, असं दोनदा. उद्यावर टाकलेलं पातं रात्रीत तडकू शकतं. घरगुती ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळं थर्मोकपल ठेवा.

स्टेनलेसच्या, म्हणजे ४४०सीसारख्या सुऱ्या करायच्या असतील तर त्याला हजार अंशांच्या वरचं तापमान आणि हवाबंद भट्टी लागते. ते काम सरळ बाहेर द्या. पिंपरी-चिंचवड, कोल्हापूरकडे हीट ट्रीटमेंटचे कारखाने आहेत. किमान वजनाचे पैसे लावतात, म्हणून पाती साठवून एकदम न्या.

विजेचं गणित आधी करा. भट्टी ३-४ किलोवॅट, ग्राइंडर दीड. तुमच्या वीजजोडणीचा मंजूर भार किती ते विचारल्याशिवाय दोन्ही एकदम लावू नका.

काय बनवायचं हेही यंत्रांआधी ठरवा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची पाती त्यातून वगळली आहेत. स्वयंपाकाच्या सुऱ्या आणि शेतीची पाती यांत काम भरपूर आहे, खंजीर-तलवारींच्या वाटेला जाऊ नका. पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकामाचा समावेश आहे; त्यात अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. पारंपरिक काम करणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं.

धुळीसाठी कापडी रुमाल चालणार नाही, कार्ट्रिजचा (बदलता येणाऱ्या फिल्टरचा) हाफ मास्क घ्या. मुठीच्या लाकडाचा भुसा आणि पोलादाच्या ठिणग्या एकाच सक्शनच्या नळीत कधीच जाऊ देऊ नका, सक्शनच्या पिशवीतला भुसा आतल्या आत धुमसतो आणि आग तासाभराने, शटर ओढून गेल्यावर लागते. ग्राइंडरखाली पाण्याची बादली ठेवा, ठिणग्या तिच्यात पडू द्या.