पिवळी चकती लाल होते तेव्हा

मागच्या शुक्रवारी रात्री आईला थंडी वाजून ताप भरला. वय ८४. लघवीला जळजळ दोन दिवस होतीच, तिने सांगितली नव्हती. डॉक्टरांनी लघवीचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून ओळखायला, पाठवला आणि अंदाजाने एक अँटिबायोटिक लगेच सुरू केलं.

"रिपोर्ट कधी येणार?" आईने विचारलं.

"रविवारी संध्याकाळी."

"तू टिळक रोडच्या लॅबमध्ये लागलीस तेव्हाही दोनच दिवस लागायचे. अजून तेवढेच?"

तेवढेच. २६ वर्षं मी मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर काढली, त्यामुळे हा प्रश्न मला लागला. लघवीचा एक मायक्रोलिटर लूपने, म्हणजे बारीक कडीने, जिवाणूंचं खाद्य असलेल्या प्लेटवर ओढायचा आणि प्लेट ३७ अंशांवर ठेवायची. ई. कोलाय, लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा जिवाणू, सगळं मनासारखं मिळालं तर २० मिनिटांत दुप्पट होतो, पण डोळ्यांना दिसेल अशी कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा ठिपका, व्हायला रात्र जावीच लागते. सकाळी मॅकॉन्की नावाच्या खाद्यावरचे गुलाबी ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे मिलिलिटरला हजार जिवाणू, आणि शंभर ठिपक्यांच्या पुढे, म्हणजे लाखाच्या वर, संसर्ग खरा धरायचा. मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध चालतं ती तपासणी, लावायची, की आणखी एक रात्र. पुण्यात सिंहगड रोडला जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला होता. तो तर आपल्या साध्या इनक्युबेटरमध्ये येतच नाही. त्याला ४२ अंश हवेत, ऑक्सिजन कमी हवा, आणि वेळही जास्त.

घाईच्या वेळी हाताशी असतो तो ग्रॅम स्टेन, जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा प्रकार, १८८४ पासूनचा. पाच मिनिटांत जांभळे की गुलाबी ते कळतं. पण ई. कोलाय गुलाबी काडी आणि क्लेब्सिएला हा दुसरा जिवाणूही गुलाबी काडीच.

माझा जीव जडला तो दुसऱ्याच प्रकारच्या रेणूंवर. एमयूजी हा त्यातला एक. त्यात चमकणारा रंग एका साखरेसारख्या तुकड्याला बांधलेला असतो, आणि बांधलेला आहे तोवर तो चमकत नाही. ई. कोलायकडचं ग्लुकुरोनिडेज हे एन्झाइम ती गाठ तोडतं, आणि अतिनील दिव्याखाली नळी निळी उजळते. (ओ१५७:एच७ हा घातक ई. कोलाय सहसा ती गाठ तोडत नाही, म्हणून नळी अंधारी राहिली तरी निर्धास्त व्हायचं नाही.)

दुसरा नायट्रोसेफिन. माझे बाबा पिंपरीला एचएमध्ये, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, पेनिसिलिनच्या विभागात होते. आमचं बालपण एचए कॉलनीतलं. पेनिसिलिनची सगळी ताकद एका चौकोनी कड्यात असते, बीटा-लॅक्टम म्हणतात ते. काही जिवाणू नेमकं तेच तोडायला शिकले आहेत. नायट्रोसेफिनमध्येही तसंच कडं आहे, पण ते तुटलं की रेणूचा रंग पिवळ्याचा लाल होतो. नायट्रोसेफिनच्या पिवळ्या चकतीवर कॉलनी घासायची आणि बघत बसायचं. कधी मिनिटभरात लाल, कधी अर्धा तास. पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग कागद-पेन मागितलं आणि म्हणाले, "काढून दाखव, कुठून तोडतात."

आता रसायनशास्त्रज्ञ आणखी वेगळ्या वाटेने निघाले आहेत. एका जिवाणूसाठी एक किल्ली घडवायची नाही. थोडं थोडं सगळ्यांनाच चिकटणारे पाच-सहा कृत्रिम रंग घ्यायचे. जिवाणूचं अंग ऋणभाराचं, म्हणून धनभाराचे रेणू त्याच्याकडे ओढले जातात. बोरॉनिक आम्लाचे रेणू त्याच्या अंगावरच्या शर्करा धरतात. कुठला रंग किती उजळला, त्या सगळ्याची मिळून नक्षी पाहायची. आईला जिन्यातूनच कळतं कुणाकडे गोडा मसाला भाजतायत. ते एकट्या धन्यावरून कळत नाही, एकट्या दगडफुलावरूनही नाही, सगळ्यांच्या मिळून येणाऱ्या वासावरून कळतं. तसंच हे. काम मिनिटांचं, आणि बरेचसे असे रेणू तपासण्यांत वापरतात त्या प्रतिपिंडांइतके (अँटिबॉडींइतके) नाजूक नसतात.

अडचण खऱ्या नमुन्यात येते. स्वच्छ द्रावणातला एकच जिवाणू ओळखणं सोपं, पण लघवीत पू असतो, प्रथिनं असतात, क्षार असतात, कधी दोन जिवाणू एकत्र असतात. आणि नाव कळलं म्हणून औषध कळत नाही. मला विचाराल तर नक्षीच्या जोडीला नायट्रोसेफिनसारखे रेणू हवेतच. जिवाणू कोण आहे याच्याइतकंच तो काय तोडू शकतो हे पहिल्या रात्री कळायला हवं, आणि तेही थेट नमुन्यातून, कॉलनीची वाट न बघता.

रविवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. ई. कोलाय, लाखाच्या वर, आणि शुक्रवारी सुरू केलेल्या औषधापुढे 'आर', रेझिस्टंट, म्हणजे ते औषध त्याच्यावर चालत नाही. तोवर त्याच्या चार गोळ्या आईच्या पोटात गेल्या होत्या. डॉक्टरांनी फोनवरच औषध बदललं. मंगळवारी रात्री तिने आपणहून वरणभात मागितला.