कुठलं वेळास? पुणे ते दापोली, गाडीतला नकाशा आणि फोनमधला नकाशा

वेळास नावाची दोन गावं आहेत आणि दोन्ही समुद्रकाठी. एक रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरजवळ. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या पुढे. कासवांचं वेळास ते हे दुसरं. दोन्हींच्या मध्ये सावित्रीची खाडी. ही माहिती मला शनिवारी दुपारी साडेतीन वाजता, शेखाडीच्या पुढे रस्त्याकडेला गाडी थांबवल्यावर मिळाली. तुम्हाला आधीच देऊन ठेवते.

गाडीत आम्ही तिघं. चालवायला मी, शेजारी फोन धरून नवरा, मागे आई. गाडी २०२१ ची. तिच्यात कंपनीचं नेव्हिगेशन आहे आणि नकाशाही २०२१ चाच. गाडी घेताना "अपडेट आलं की आम्हीच कळवू" असं सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने सांगितलं होतं. त्याचा फोन अजून यायचाय. बेत सोपा होता: ताम्हिणीतून हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने पलीकडे वेश्वी, संध्याकाळी वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायचं, दुसऱ्या दिवशी दापोली आणि परत. दोन्ही नकाशे एकाच वेळी चालू ठेवून कुठला खरा ठरतो ते बघू, ही हौस नवऱ्याची.

पहिला निकाल घरापासून दहा मिनिटांवर लागला. चांदणी चौक. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला आणि नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला. आमच्या गाडीला यातलं काहीच ठाऊक नाही. तिच्या पडद्यावर जुना पूल अजून धडधाकट उभा आहे. आम्ही नव्या रॅम्पवर चढलो तसा बाण रस्ता सोडून कोऱ्या जागेत गेला आणि बाई "शक्य असेल तिथे मागे वळा" म्हणत राहिली, ती भूगाव येईपर्यंत. फोनने मात्र कुठल्या रॅम्पला लागायचं ते अचूक सांगितलं. म्हणजे फोन एक, गाडी शून्य. नवऱ्याने हे मोठ्याने जाहीरही केलं.

मुळशी धरणाचं पाणी डाव्या-उजव्या बाजूला दिसायला लागेपर्यंत हा स्कोअर टिकला. पुढे ताम्हिणीत रेंज गेली. रेंज गेली तरी फोनला आपण कुठे आहोत ते कळतं, कारण जीपीएसचा सिग्नल उपग्रहाकडून येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. एकदा आखलेला रस्ताही पडद्यावर राहतो. इथपर्यंत ठीक. नवऱ्याने चहाची टपरी शोधायला म्हणून बोट फिरवलं, चुकून नेव्हिगेशन बंद झालं, आणि मग परत रस्ता आखायला नेट कुठून आणायचं? निळा ठिपका राखाडी पडद्यावर एकटाच सरकतोय, खाली ना रस्ता ना गाव. गाडीच्या नकाशाचं तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं. तो तिच्या पोटातच साठवलेला. प्रत्येक वळण पडद्यावर आधी दिसत होतं, विळे आणि निजामपूर कुठे येणार तेही. घाटात धुकं असलं की हे पुढचं वळण आधी दिसणं फार उपयोगाचं असतं, आणि त्यासाठी घाटरस्ता २०२१ चा असला तरी चालतो. डोंगर काही हलत नाही.

यावर उपाय फुकटचा आहे आणि आम्ही तो केला नव्हता. निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर पुण्यापासून दापोलीपर्यंतचा पट्टा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. बहुतेक अ‍ॅपमध्ये ही सोय आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, तेव्हा मागच्या दिवाळीत उतरवला होता म्हणून निर्धास्त राहू नका. आणि ऑफलाइन असताना वाहतुकीची कोंडी, बंद रस्ता, पर्यायी मार्ग यातलं काही कळत नाही. म्हणजे त्या वेळी तुमचा फोनही गाडीच्या नकाशासारखाच होतो, फक्त जरा ताजा.

माणगावात नाश्ता केला. टाकी इथेच भरून घ्या, पुढे शोधत बसायला नको. म्हसळ्यापासून हरिहरेश्वरपर्यंत काही घडलं नाही. देवळाची प्रदक्षिणा करायची असेल तर भरतीची वेळ विचारून जा, कारण ती वाट कड्याखालून समुद्राला चिकटून जाते.

आता वेळास. जेवून अडीचला निघालो. मी आधी गाडीच्या पडद्यावर नाव टाकायचा प्रयत्न केला. कीबोर्ड इंग्रजी, आणि ज्याने कोणी यादी केली त्याच्या मनातलं स्पेलिंग आपल्याला जुळवावं लागतं. वेश्वी, वेसवी, वेशवी अशी एकाच धक्क्याची तीन रूपं मला पाट्यांवरच दिसली, मग गाडीला काय दोष द्यायचा. शेवटी मंडणगड तालुक्यातून शोधत गेल्यावर वेळास सापडलं. पण गाडीने दाखवलेला रस्ता शंभर किलोमीटरच्या वर: परत म्हसळा, आंबेतचा पूल, म्हाप्रळ, मंडणगड, मग खाली बाणकोटकडे. तिच्या जगात फेरीबोट नाहीच. आई मागून म्हणाली, "बरोबर आहे की. आमची एसटी आंबेतवरूनच यायची." आईचं आजोळ केळशीचं, पण तिचा नकाशा १९८५ च्या मे महिन्याच्या सुट्टीतला. आंबेतचा पूल मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद होता हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि गाडीलाही.

गाडी वेड्यासारखा वळसा दाखवते म्हटल्यावर नवऱ्याने फोनमध्ये "वेळास" टाकलं, पहिलं नाव आलं त्यावर बोट ठेवलं, "तासाभरात पोचतो" म्हणाला. मी गाडी सुरू केली. श्रीवर्धन गेलं. शेखाडीचा तो सुंदर किनाऱ्यालगतचा रस्ता लागला. आम्ही फोटो काढले. आणि मग आईने विचारलं, "अगं, समुद्र डाव्या हाताला कसा? आपण खाली चाललोय ना?"

कोकणात दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. ही गोष्ट मला पाचवीच्या भूगोलापासून माहीत आहे. पडद्यावर निळी रेघ असली की माणूस समुद्र कुठल्या बाजूला आहे तेही बघत नाही, हे मात्र त्या दिवशी कळलं. फोनने चूक केली असं म्हणता येणार नाही. त्याने जवळचं वेळास दिलं, आम्ही तालुका बघितला नाही. गाडी मात्र त्या वेळास-वेळासच्या घोळात पडली नव्हती. तिने गाव बरोबर दिलं होतं आणि रस्ता वेड्यासारखा. फोनने रस्ता छान दिला, गाव भलतंच.

परत फिरून बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. शनिवार असल्याने गाड्यांची रांग वरपर्यंत. फोन खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं धरतो आणि ती बरोबर आहेत, बोट तेवढाच वेळ घेते. रांगेचा वेळ तो धरत नाही. दोन बोटी समोरून भरून गेल्या. तिकिटाच्या खिडकीवरच्या दादांना विचारलं, सातच्या आत वेळास होईल का? ते हसून म्हणाले, "होईल की ताई. पण कासवं थांबायची नाहीत."

थांबली नाहीत. आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा लोक टॉर्च लावून परतत होते.

सकाळी सातला पुन्हा गेलो. दोरी बांधलेली, तिच्या अलीकडे साठ-सत्तर माणसं, आणि वाळूवर टोपली उपडी केली तेव्हा पिल्लं निघाली सात. तळहातापेक्षा लहान, काळसर, ओल्या वाळूवर वल्ही मारल्यासारखी चालणारी. एक सारखं उलट्या दिशेला वळत होतं. नवरा त्याच्याकडे बघत काही बोलणार होता, मी त्याच्याकडे बघितलं, तो गप्प बसला.

वेळास ते दापोली हा टप्पा फोनला न झेपणारा होता, आणि कारण नेटचं नव्हतं. उन्हाचं होतं. फोन काचेला चिकटवलेल्या स्टँडवर, वरून मार्चचं ऊन, चार्जिंग चालू, पडदा पूर्ण उजळ. तासाभरात "फोन तापला आहे" असा संदेश आला, पडदा अंधारला, मग फोनच बंद. ओल्या रुमालात गुंडाळून ठेवला. तुम्ही स्टँड एसीच्या झडपेवर लावणारा घ्या, काचेचा नको. गाडीचा पडदा उन्हाळ्यात तापून बंद पडलेला मी अजून पाहिलेला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

आमचा मुक्काम दापोली तालुक्यातल्या एका वाडीत होता. फोन थंड झाला, परत सुरू केला, आणि त्याने शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला डावीकडे वळवलं. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधोमध गाडीएवढीच वाट. आरसे मिटून आत घातली. वीस पावलांवर पायऱ्या. पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, होती ती! नकाशावर तिची रेघ आणि डांबरी रस्त्याची रेघ सारखीच जाड. अंगणात सोलं वाळत घालणाऱ्या एक मावशी उठून आल्या आणि म्हणाल्या, "आठवड्यात एक तरी येतो." मग त्यांनी मागे उभं राहून हातवारे करत मला उलट बाहेर काढलं. बंपरला ओरखडा आहे, आणि तो मी मुद्दाम रंगवून घेतलेला नाही.

मुक्कामाच्या घरमालकांनी खरं तर आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "मॅप लावून येऊ नका, शाळेपाशी या आणि फोन करा." हे वाक्य कोकणात कुठल्याही यजमानाने म्हटलं तर ते शिष्टाचारापोटी म्हटलेलं नसतं. ते मनावर घ्या. त्याहून चांगलं म्हणजे त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्या अंगणात उभं राहून लोकेशन पाठवायला सांगा. नावाने शोधू नका. गावाचं नाव टाकायचंच असेल तर पुढे तालुका लिहा: "वेळास, मंडणगड".

रात्री मात्र दोन्हींपैकी कशावरही विसंबून नवा रस्ता धरू नये. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री नकाशा बघत निघालेली एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालकाचा जीव गेला. दिवसा जे पाणी लांबून दिसतं ते रात्री हेडलाइटमध्ये रस्त्यासारखंच काळं दिसतं. नकाशावर पूल असतो, कारण पूल आहेच.

परतीला खेड, भरणे नाका, कशेडी. हा प्रवासातला माझा आवडता टप्पा. कशेडी बोगदा २०२३ च्या गणपतीत पहिल्यांदा वाहतुकीला थोडाफार खुला झाला, तेव्हा आमच्या गाडीच्या नकाशात तो असण्याचा प्रश्नच नाही. जुना नागमोडी घाट तेवढा आहे. आत शिरलो आणि मी दोन्ही पडद्यांकडे बघितलं. बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. फोनचा ठिपका आधीच्याच वेगाने अंदाजाने पुढे सरकत राहिला. पुढच्या ट्रकमुळे मी वेग कमी केला, त्याला पत्ताच नाही, तो आमच्या आधी बोगद्याबाहेर पोचला. गाडीचं तसं नव्हतं. तिला चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली ते आतूनच कळतं, त्यामुळे तिचा बाण बरोबर आमच्या वेगाने, बरोबर आमच्या दिशेने चालला होता. फक्त हिरव्या डोंगराच्या पोटातून, जिथे तिच्या मते रस्ताच नाही. एकीला मी कुठे आहे ते पक्कं माहीत आणि रस्ता माहीत नाही. दुसऱ्याला रस्ता पक्का माहीत आणि मी कुठे ते नाही.

तेव्हापासून मी दोन्ही चालू ठेवते. शहरात, नव्या महामार्गावर आणि वेळेचा अंदाज घ्यायला फोन. घाटात आणि रेंज नसलेल्या भागात गाडी. दोघं वेगवेगळं सांगायला लागले तर बाजूला थांबून बघायचं, चालत्या गाडीत वाद घालायचा नाही. घालून बघितलाय. नवी गाडी घेणाऱ्यांनी नेव्हिगेशनसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी एकच प्रश्न विचारावा: नकाशा किती वर्षं फुकट बदलून मिळेल, आणि तो घरी पेनड्राइव्हवर उतरवता येतो की दर वेळी सेंटरला गाडी आणायची? उत्तर गुळमुळीत आलं तर ते पैसे चांगल्या स्टँडवर आणि गाडीला फोन जोडायच्या दणकट केबलवर घाला.

कासवांचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पिल्लं कधी निघतील ते घरट्यांवर अवलंबून, म्हणून वेळासला राहायला ज्यांच्याकडे जाणार त्यांना आदल्या दिवशी विचारा. संध्याकाळचं बघायचं असेल तर शनिवारी दुपारी दोनच्या आत बागमांडल्याच्या रांगेत लागा, शेवटच्या फेरीची वेळही धक्क्यावरच विचारून घ्या. आणि बोटीवर चढताना आरसे मिटा. तिथे गाड्या इतक्या खेटून लावतात की आम्हाला दार उघडून उतरता आलं नाही. आई खिडकीतूनच खाडी बघत म्हणाली, बोट आहे हे मला कुणी आधी का नाही सांगितलं.