कोरडा हात म्हणजे किती कोरडा?

"डॉक्टर, तुमच्या औषधान हात भाजले!" दारातूनच दोन्ही तळवे माझ्यासमोर पसरत तो आत आला. तळवे लालबुंद झाले होते. तळव्यांच्या घामावरचं औषध सुरू करून जेमतेम तीन रात्री झाल्या होत्या.

फोंडा-पणजी मार्गावरच्या खासगी बसवर तो कंडक्टर आहे, वय चोवीस. फोंड्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये तो पहिल्यांदा आला तो कोपराची जखम घेऊन. दारातला दांडा घामाने हातातून निसटला आणि तो फूटबोर्डवरून खाली आला. नशीब, गाडी थांब्यावर होती. आमचे कंडक्टर उभ्या घडीच्या नोटा बोटांच्या बेचक्यांत धरतात. याच्या नोटा ओल्या पापडासारख्या लोंबत.

"गोंयांत घाम कोणाक येना?" सोबत आलेल्या आईचं मत.

"झोपेत येतो?"

"ना. न्हिदतना हात सुके आसतात."

निदान बहुतेक तिथेच झालं: दुसऱ्या कुठल्या आजारामुळे नव्हे, आपोआपच येणारा जादा घाम. थायरॉइड वगैरेमुळे येणारा घाम सहसा अंगभर असतो, रात्रीही येतो. याला शाळेपासून फक्त तळव्यांना आणि तळपायांना. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर रुमाल ठेवून लिहायचा. वडिलांचंही तसंच होतं.

मी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं २० टक्क्यांचं द्रावण दिलं. ते घामाच्या नलिकांच्या तोंडाशी बूच बसवतं. लावायचं झोपताना, कारण तेव्हा घाम थांबलेला असतो, आणि सकाळी धुऊन टाकायचं. "कोरड्या हाताला लाव," एवढंच सांगून मी पुढचा पेशंट बोलावला.

आता विचारलं, लावतोस कसं? रात्री ड्यूटीवरून आला की आंघोळ, टॉवेलने हात पुसायचे, लगेच औषध. जुलैतला टॉवेल! आमच्याकडे आठ-आठ दिवस दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. पाणी लागलं की या औषधातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, आणि ते त्वचेला झोंबतं. हे मला पाठ होतं. त्याला सांगितलं नव्हतं. चूक माझी, तसं मी त्याच्या आईसमोर कबूलही केलं. ती काही बोलली नाही, हे जरा जास्तच लागलं.

चार दिवस औषध बंद, सौम्य स्टेरॉइडचं मलम. मग नवा क्रम: आंघोळ संध्याकाळी किंवा जेवणाआधी, झोपण्यापूर्वी हात पंख्याखाली धरून बसायचं, औषध एक रात्र सोडून. बहिणीचा हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून वापरायची युक्ती त्याचीच.

महिन्याभराने आला. घाम निम्म्यावर, त्याच्या हिशेबाने. काखेत हे औषध जास्त चालतं. तळव्याची कातडी जाड, तिथे जोर कमी पडतो. पुढचा उपाय म्हणून आयन्टोफोरेसिस सांगितलं: नळाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये हात बुडवायचे आणि त्यातून वीस-तीस मिनिटं सौम्य वीजप्रवाह सोडायचा, सुरुवातीला आठवड्यातून तीनेक वेळा.

"पावसात लाइट गेली तर?"

मी हसले. त्याने खिशातून नोटा काढून माझी फी मोजली. वरची दहाची तेवढी दमट होती.