केस दाखल झाली म्हणजे पोरगं गुन्हेगार झालं का?

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव, शिरोली एमआयडीसीकडं कामाला लागायचं म्हटलं की आता बऱ्याच ठिकाणी पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात. मागू देत, त्यात चूक काय नाही. पण कॉलेजात असताना कुठंतरी भांडणात नाव आलं, एफआयआर झाली, पुढं कोर्टानं निर्दोष सोडलं, तरी पोराला वाटतं आता आपलं संपलं, आणि मग फॉर्मवर 'गुन्हा नाही' लिहून मोकळा होतो. भावांनो, हे करू नका!

एफआयआर म्हणजे फक्त तक्रारीची नोंद, गुन्हा सिद्ध होतो तो कोर्टात. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सरकारी नोकरीच्या फॉर्मवर माहिती खरीच द्यायची, पण किरकोळ प्रकरण असेल तर नोकरी देणाऱ्या साहेबांनी सगळी परिस्थिती बघून निर्णय घ्यायचा. म्हणजे निर्दोष सुटला म्हणून नोकरी मिळेलच असंही नाही, पण खरं सांगितलं तर निदान बाजू मांडता येते, लपवलेलं सापडलं की तेच अंगलट येतं. आणि सापडतंच, सीसीटीएनएस या पोलिसांच्या देशभरच्या संगणक जाळ्यामुळं पोलीस ठाण्यांच्या नोंदी आता एकमेकांना जोडल्यात, शिवाय त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं संवेदनशील प्रकरणं सोडून बाकी एफआयआर वेबसाइटवर टाकायला सांगितल्यात.

मला खरा राग याचा येतो की एफआयआर ऑनलाइन कुणालाही दिसते आणि निर्दोष सुटल्याचा निकाल मात्र कुणी शोधत बसत नाही. म्हणून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल कोर्टातून काढून घ्या आणि अर्जासोबत जोडा.