सातव्या महिन्यातला घोर

सातवा महिना लागल्यावर बेळगावहून खानापूरला माहेरी आले, तेव्हा मनाला एकच घोर लागला होता: माझे एक स्तनाग्र सपाट आणि दुसरे आत वळलेले असताना बाळ दूध कसे ओढेल?

शेजारच्या काकूंनी बोंडे रोज तेल लावून ओढायला सांगितले होते. सिस्टरांनी ते थांबवले, कारण त्याने कळा येऊ शकतात आणि ब्रिटन व कॅनडातील १९९४ च्या चाचणीतही गरोदरपणातील अशा व्यायामांचा उपयोग दिसला नव्हता. बाळ नुसते बोंड नव्हे, तर भोवतीचा काळसर भागही तोंडात घेते, हे त्यांनी मुठीवर दाखवले, तेव्हा माझा जीव खरोखर भांड्यात पडला. मग त्यांनी दहा मिलीच्या सिरिंजचे सुई बसवायचे टोक कापून दट्ट्या त्याच बाजूने आत घातला आणि न कापलेली गुळगुळीत कड स्तनाला लावून, बाळंतपणानंतर दूध पाजण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट हलकेच ओढायला शिकवले.

पहिल्या तासातच बाळाला छातीशी धरायचे आणि पिवळसर चीक पाजायचा, हे मी आईला आत्ताच सांगून ठेवले आहे.